हात हलवण्याची रीत

"आपल्या तळ्यावर समोरून आलेल्याने हात हलवला नाही, तर तो एक तर शिकागोचा पाहुणा असतो, नाही तर मेलेला असतो." हा विनोद माझ्या नवऱ्याचा, ओरिनचा. दर उन्हाळ्यात नवीन कोणी भेटलं की तो हा ऐकवायचाच, आणि मी दर वेळी डोळे फिरवायची.

पण विनोदात खोटं काही नव्हतं. आमच्याकडे जमिनीवर माणसं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, कुंपणावरून कोर्टात जातात, घटस्फोट घेतात, आणि तीच माणसं पाण्यावर समोरासमोर आली की हात वर करून हलवतात. कुणी शिकवत नाही. लहान मुलं बोलायच्या आधी हात हलवायला शिकतात. मी घरामागच्या खोलीत केस कापायचा धंदा करते, त्यामुळे गावातली सगळी डोकी माझ्या हाताखालून जातात आणि डोक्यातलं बरंचसं माझ्या कानावर येतं. कोण कोणाचा किती राग करतो ते मला पक्कं ठाऊक. तरी पाण्यावर हात न हलवणारा मी पाहिला नव्हता.

एकच अपवाद, मर्ल झास्ट्रो. मर्ल ओरिनचा शाळेपासूनचा दोस्त. आपल्या छोट्या बोटीत गळ टाकून बसला होता. ओरिन कयाकमधून, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या अरुंद होडीतून, जवळून गेला, त्याने हात हलवला. मर्ल बघत होता, पण हात काही वर आला नाही. ओरिन थोडा पुढे गेला आणि मनाशी म्हणाला, मर्लने हात हलवला नाही म्हणजे काय? वळून परत आला तर मर्लचं तोंड एका बाजूला ओघळलेलं, गळाची काठी पाण्यात लोंबकळतेय. ओरिनने त्याची बोट दोरीने बांधून ओढत काठाला आणली. डॉक्टर म्हणाले, अर्धांगाचा झटका, अजून थोडा उशीर झाला असता तर खेळ खलास होता. मर्लचा उजवा हात मात्र गेला तो गेलाच.

तेव्हापासून ओरिन रोज संध्याकाळी मर्लकडे पत्ते खेळायला जायचा. आमचं तळं चष्म्यासारखं आहे, दोन मोठे गोल आणि मधे अरुंद गळा. आमचं घर गळ्याच्या या तोंडाशी, मर्लचं त्या तोंडाशी. गाडीने जायचं तर सगळ्या तळ्याला वळसा, पाण्यातून गेलं तर समोरच. मी भट्टीत भाजलेल्या चेरी पायचा, त्या फळं भरलेल्या गोड पदार्थाचा, एक तुकडा डब्यात घालून तो कयाक ढकलायचा आणि जाताना म्हणायचा, "मर्ल एका हाताने पत्ते पिसतो आणि दोन हातांच्या माणसाला हरवतो, लवॉन. लाज आणली त्याने."

गळ्याशी पाटी आहे, बोटी सावकाश चालवा म्हणून. पाटीचा रंग उडालाय आणि लोकांची अक्कलही. पूर्वी इथे मासे धरायच्या लहान बोटी असायच्या, फटफट करत जायच्या. आता आल्यात त्या घराएवढ्या बोटी. मुद्दाम मागे लाट उठवतात, म्हणजे फळीवर उभं राहून त्या लाटेवर घसरता येतं. लाट उठवायला बोटीचं बूड पाण्यात बसतं आणि नाक वर जातं, इतकं वर की चालवणाऱ्याला पुढे ढग तेवढे दिसावेत.

सगळ्यांची पैज रस्टी कुबियाकवर होती. रस्टीचं गावात दारूचं दुकान. लाल बोट, त्यात गाणी अशी लावणार की काठावरच्या खिडक्या थरथरतात. एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातात बिअर. हा एक दिवस कोणाला तरी मारणार, असं चर्चच्या पायऱ्यांवरसुद्धा लोक उघड बोलायचे. रस्टीलाही ते माहीत होतं. माझ्या खुर्चीत बसून तो म्हणायचा, "मानेजवळ नीट काप गं, तुरुंगात फोटो काढतात."

ट्रेंट व्होगेलवर पैज लावायचं मात्र कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. ट्रेंट आमचा शेजारी, चाळिशीचा. पाच वर्षांचा असल्यापासून त्याचे केस मी कापले. हिवाळ्यात आमच्या दारातला बर्फ तो न सांगता उपसून जायचा. हरणाची शिकार झाली की सॉसेज आणून द्यायचा. तळ्याकाठच्या रहिवाशांच्या सभेला पॅनकेक तो करणार, चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाला, झेंडे तो लावणार. असा सोन्यासारखा माणूस, आणि त्याची पांढरी बोट रस्टीच्या बोटीपेक्षा मोठी. बायको शौना मागे फळीवर उभी असायची. गळ्यात वेग कमी केला तर लाट मोडते आणि शौना पडते, म्हणून तो कमी करायचा नाही. लोक म्हणायचे, ट्रेंट आहे तो, त्याला कळतं.

एका संध्याकाळी त्याच्या लाटेने ओरिनची कयाक गळ्यात उलटली. ट्रेंट परत फिरून आला, शंभरदा माफी मागितली, ओरिनला धक्क्यापर्यंत आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी दाराशी सॉसेज ठेवलेलं.

"डब्यातला चेरी पाय बुडाला, बाकी काही नाही," ओरिन हसत म्हणाला. 

"सॉसेजने पोट भरतं, ओरिन. बुडालेला माणूस त्याने वर येत नाही."

"अगं, त्याला मी दिसलोच नाही. हिरवी कयाक, हिरवं पाणी. दिसायला हवं, एवढंच."

झालं, त्या दिवसापासून दिसायला हवं हे वेड त्याच्या डोक्यात शिरलं. हिरवी कयाक गेली, पिवळीधमक आली. केशरी टोपी आली, केशरी लाइफ जॅकेट आलं. कयाकच्या मागे काठीवर झेंडा लागला. गळ्यात शिट्टी. वाचनालयात कयाकवाल्यांसाठी एक वर्ग भरला होता, तिथून एक खूणही शिकून आला. वल्हं दोन्ही हातांनी डोक्यावर उभं धरायचं आणि या बाजूने त्या बाजूला हलवायचं. अर्थ, मी इथे आहे, थांबा. घरात आरशासमोर उभा राहून तो ही खूण करायचा आणि वल्ह्याने एकदा छताचा दिवा फोडला.

"मिरवणुकीतला बँडवाला दिसतोस," मी म्हणायची.

"दिसतो ना? मग झालं तर."

जुलैत तळ्याची सभा झाली. पॅनकेक, बेकन, कॉफी, आणि गळ्यात वेगाला खरोखरचा आळा घालायचा ठराव. ओरिन उठला, सगळ्यांसमोर वल्हं डोक्यावर धरून हलवून दाखवलं.

"माश्या हाकलतोयस होय?" रस्टी ओरडला.

"तुझ्यासारख्या मोठ्या माश्यांसाठीच आहे ते," ओरिन म्हणाला. मंडळी पोट धरून हसली. मी ट्रेंटकडे पाहिलं, तो हसत नव्हता. त्याची आमच्याकडे पाठ होती. तव्यावर पॅनकेक होते आणि तो ते मन लावून उलटत होता. ठराव पुढच्या वर्षावर ढकलला, कारण पॅनकेक गार होत होते.

ऑगस्टमधली एक छान संध्याकाळ. ऊन अजून भरपूर होतं. मी धक्क्यावर बसून बीन्स मोडत होते. चेरीच्या पायचा तुकडा घेऊन ओरिन निघाला आणि झाडांनी भरलेल्या कोपऱ्यामागे गेला. तिथून गळा सुरू होतो, मला दिसत नाही. मग पलीकडून ट्रेंटच्या बोटीचा आवाज आला. त्यावर ओरिनची शिट्टी ऐकली, लांब, मग पुन्हा लांब. इंजिनाचा आवाज कमी झाला नाही. मी उभी राहिले, बीन्स पाण्यात पडले. इंजिन तसंच चालू. मग एक आवाज आला, फार मोठा नव्हता, कोणी रिकामं पिंप लाथाडावं तसा. त्यानंतर इंजिन बंद झालं आणि शौनाची किंकाळी आली.

ट्रेंटने पाण्यात उडी मारून त्याला धरून ठेवलं होतं, असं मला नंतर लोकांनी सांगितलं. धरायची गरज नव्हती. लाइफ जॅकेटने ओरिनला नीट तरंगत ठेवलं होतं, तोंड वर, टोपीसुद्धा हनुवटीखालच्या दोरीने जागेवर. सगळं सांगितलं तसं काम करत होतं. फक्त तो मेलेला होता.

मी त्यानंतरचं फारसं सांगणार नाही. माणूस जातो तेव्हा घरात त्याचे बूट राहतात, आणि ते किती दिवस दाराशी ठेवायचे हे कोणी सांगू शकत नाही. मला तो हवा होता, बस्स.

चर्चच्या तळघरात जेवणं झाली. हॅमचे सँडविच खाता खाता लोक हळू आवाजात बोलत होते आणि मला ऐकू येत होतं. ऊन डोळ्यावर असेल. या कयाक फार खुज्या, दिसतच नाहीत. बिचारा ट्रेंट. पेपरात आलं की कयाक बोटचालकाच्या दृष्टीस न पडल्याने अपघात. दृष्टीस न पडायला काय, ती पिवळीधमक होती! मी फुटकी कयाक ओढत नेऊन रस्त्याच्या कडेला उभी केली, झेंड्यासकट, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याला मी एकच विचारत राहिले, ओरिन त्याला दिसला होता की नाही? तो म्हणाला, ट्रेंट वकिलाच्या सांगण्यावरून काही बोलत नाहीये.

मला दुसरं काही नको होतं. शिक्षा किती, दंड किती, ते त्यांचं त्यांनी बघावं. मला एवढंच कळायला हवं होतं. कारण तो दिसला नसेल तर रंग चुकला, झेंडा छोटा पडला, अजून काही तरी लावायला हवं होतं. मी रोज मनातल्या मनात त्याला नवीन काही चढवायची. लाल दिवा, चकाकणाऱ्या पट्ट्या, दोन झेंडे. बीन्स शिजवताना सुद्धा.

पानगळ झाली, पाणी गोठायच्या आत लोक आपापले लाकडी धक्के ओढून वर काढायला लागले. एका दुपारी ट्रेंट मागच्या दाराशी आला. हातात शौनाने भाजलेलं बटाटे आणि खिम्याचं भांडं, वर फॉइल. केस कानावर आलेले. माझ्याशिवाय कोणाकडे केस कापायला जायचं हे त्याला माहीतच नव्हतं.

"वकील म्हणालाय जाऊ नकोस," तो म्हणाला. "पण तुम्हाला एक गोष्ट सांगायलाच हवी, लवॉन. मला झोप येत नाही."

"मलाही येत नाही. बोल."

भांडं टेबलावर ठेवून तो उभाच राहिला. "ओरिन मला दिसला होता."

"किती लांबून?" मी विचारलं.

"लांबूनच दिसला. न दिसायला काय, एवढा पिवळा. त्याने मला हात हलवला. एवढा खूश दिसत होता, लवॉन, दोन्ही हात वर करून हलवत होता. मीही हलवला. मला वाटलं, चला, त्याला मी दिसलोय, तो बाजूला होईल. मग शौना पडली की काय म्हणून मी मागे बघितलं. पुढे बघेपर्यंत नाक वर होतं आणि…" त्याने भांड्यावरची फॉइल सारखी केली. मग म्हणाला, "तुम्हाला बरं वाटेल म्हणून सांगतोय. शेवटच्या घडीला त्याच्या मनात माझ्याबद्दल राग नव्हता. त्याने मला हात हलवला."

वल्हं कोपऱ्यात उभं होतं. मी ते घेतलं. छताचा दिवा बदलून झाला होता, तो पुन्हा फुटू नये म्हणून मी जरा वाकून उभी राहिले, वल्हं दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं आणि या बाजूने त्या बाजूला हलवलं.

"असा?"

"हो," ट्रेंट म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर चक्क हसू आलं. "अगदी अस्सा."

"याचा अर्थ थांब असा होतो, ट्रेंट. जुलैत त्याने सगळ्या गावाला दाखवलं होतं. तू पॅनकेक उलटत होतास."

त्याचं हसू जायला वेळ लागला. मी ते सांगायला नको होतं असं पुढे पाद्रीसाहेबांनी सुचवलं. का नको? मी का एकटीने ते घेऊन बसायचं? ट्रेंट मागच्या पायरीवर जाऊन बसला आणि त्याने तोंड गुडघ्यांत घातलं. मी आतून कडी लावली. भांडं तसंच टेबलावर. धुऊन परत पाठवायची रीत आहे, मी पाठवलं नाही.

तर तो दिसला होता. रंग बरोबर होता, झेंडा बरोबर होता, टोपी, जॅकेट, सगळं बरोबर. मला वाटलं होतं, हे कळलं की माझं डोकं शांत होईल. उलट ते जास्तच पेटलं. दिसल्यावरही मरायचं असेल तर माणसाने करायचं तरी काय?

ट्रेंटला दंड झाला, पाण्यावर बंदी आली, त्याने बोट विकली. हिवाळ्यात बर्फ मी स्वतः उपसला. आणि मी हात हलवणं सोडलं. धक्क्यावर उभी असले आणि बोट गेली की हात खिशात. लोकांनी समजून घेतलं, धक्क्यावरच्या विधवेला तेवढी सूट असते.

पुढचा उन्हाळा आला तेव्हा मर्लचा फोन आला. आजारानंतर त्याचं बोलणं जड झालंय, शब्द निवडून बोलतो. "चेरी पाय," तो म्हणाला. "एक वर्ष. पाय नाही."

"पत्ते मला येत नाहीत, मर्ल."

"शिकवतो. हरवतो."

मी कयाक रस्त्याकडून परत आणली. चीर बुजवून घेतली, ओरिनचं जॅकेट घातलं, त्याची शिट्टी घेतली. सत्तरीला आले होते मी, आणि गळ्याकडे निघाले. भीती वाटत होती हे कबूल करते, पण भीतीपेक्षा राग जास्त होता.

गळ्याच्या मधोमध होते तेव्हा पलीकडून गाणी ऐकू आली. लाल बोट, रस्टी कुबियाक, पूर्ण वेगात, नाक आभाळाकडे. दोन्ही बाजूंना दगड, बाजूला व्हायला जागा नाही. शिट्टी गळ्यात होती, वल्हं हातात होतं. खूण मला येत होती. पण हात वर जाईनात. हा माझ्याकडे बघून हसणार, हात हलवणार आणि तसाच येणार, हे मला लख्ख दिसत होतं. त्याला माझा हात हलताना दाखवायची माझी तयारी नव्हती. ट्रेंटला दाखवला ओरिनने, बस झालं. मी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं, दोन्ही हात त्यावर ठेवले आणि त्याच्याकडे बघत बसले. ये म्हटलं.

रस्टीने मान बाहेर काढली, बिअरचा हात वर केला आणि हलवला. मी हलवला नाही. त्याने पुन्हा हलवला. मी बसून होते.

इंजिनाचा आवाज पडला. तो आवाज असा पडताना मला गेल्या ऑगस्टमध्ये ऐकू यायला हवा होता. नाक खाली आलं, गाणी बंद झाली. लाट येऊन मला वरखाली करून गेली. रस्टी बोट अगदी हळू, कडेकडेने माझ्याजवळ घेऊन आला. बिअर त्याने कुठे तरी टाकली होती. तोंड पांढरं पडलं होतं.

"ए म्हातारे! काय होतंय? छातीत दुखतंय? तोंड वाकडं होतंय का? हस बघू जरा."

"काही होत नाहीये."

"मग हात का नाही हलवलास? जीव गेला ना माझा! मला वाटलं मर्लसारखं झालं." तो बोटीच्या काठावर धपकन बसला. "मी दोनदा हलवला. तू नुसती बघत बसलीस. असं करतात होय कुणी?"

"आणि हलवला असता तर?"

"तर काय? मला वाटलं असतं तू बरी आहेस. गेलो असतो की."

तो हे बोलला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. रस्टी मूर्ख आहे, पण तेवढाही नाही. त्याने माझ्या अंगावरचं केशरी जॅकेट पाहिलं, मग वल्हं पाहिलं. सभेत माश्या हाकलतोयस का म्हणून विचारणारा तोच होता, त्याला खूण चांगली आठवत होती.

"अरे देवा," तो म्हणाला. "लवॉन."

"गप्प बस, रस्टी."

 मी तिथेच पाण्यावर रडले, त्याच्यासमोर, तो बघत असताना. किती दिवस मी बिचाऱ्या ओरिनला मनातल्या मनात दिवे आणि झेंडे लावत होते. त्याने काहीच करायला नको होतं. हिरव्या कयाकमध्ये, डोक्यावर टोपी नसताना, नुसते हात मांडीवर ठेवून बसला असता तर आमच्या तळ्यावरचा एकही माणूस त्याला ओलांडून गेला नसता. ट्रेंट तर नाहीच नाही. ट्रेंटने पाण्यात उडी मारून त्याला विचारलं असतं, ओरिन, बरा आहेस ना?

रस्टीने मला मर्लच्या धक्क्यापर्यंत सोबत केली, बोट इतकी सावकाश की माझ्याही मागे पडत होती. मर्ल वाट बघत खुर्चीत बसला होता. त्याने डावा हात वर करून हलवला. मी पायचा डबा उचलून दाखवला.

आता रोज जाते. गळ्यात बोट आली की हात खाली ठेवते. प्रत्येक बोट थांबते, प्रत्येक जण विचारतो, बरी आहेस ना, आणि मी म्हणते, हो, बरी आहे, जा.